बेड्यांचा दागिना

मैत्रिणींनो, दागिन्यांशी आपलं नातं किती प्रकारचं असतं बघा. मंगळसूत्र सौभाग्याचं, आईने दिलेल्या पाटल्या माहेरच्या, सासूबाईंकडून आलेली बोरमाळ घराण्याची. अडीनडीला गहाण टाकायचं सोनं ते वेगळंच! पण आपण कधी पाहिलेल्या नाहीत, ज्यांचं नावही ठाऊक नाही, अशा माणसांच्या हालअपेष्टा विसरल्या जाऊ नयेत म्हणून कुणी बाईने दागिना घातलाय, असं ऐकलंय कधी? इंग्लंडात १७८७-८८ च्या सुमारास शेकडो बायकांनी असा दागिना घातला. कुणी तो केसांच्या पिनेवर बसवला, कुणी ब्रेसलेटमध्ये. तो सोन्याचा नव्हता, हिऱ्याचा तर नाहीच नाही. भाजलेल्या मातीचा होता. आकार जेमतेम आपल्या मोठ्या लॉकेटएवढा, लंबगोल. पांढऱ्या जमिनीवर काळ्या रंगात उठावाचं चित्र. एक आफ्रिकन माणूस एका गुडघ्यावर बसलाय, हात जोडलेत, हातापायांत साखळदंड आहेत. आणि कडेने इंग्रजीत कोरलेला एक प्रश्न – मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का, अशा अर्थाचा.

हा दागिना करणारा माणूस सोनार नव्हता. तो होता कुंभार. जोसाया वेजवूड त्याचं नाव. बोन चायनाच्या महागड्या कपबश्यांच्या खोक्यावर हे नाव तुमच्यातल्या काहींनी वाचलंही असेल. आज त्या कुंभाराची गोष्ट सांगायची आहे.

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथलं बर्सलेम हे गाव म्हणजे कुंभारवाडाच म्हणा ना. जमिनीत माती, जमिनीखाली दगडी कोळसा, त्यामुळे घरोघरी भट्ट्या. १७३० मध्ये जोसायाचा तिथे जन्म झाला. मोठ्या खटल्यातलं हे शेंडेफळ. वडील कुंभार, आजोबा कुंभार, पणजोबासुद्धा कुंभार. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, शाळा सुटली आणि पोरगं थोरल्या भावाच्या हाताखाली चाकावर बसलं. हात मात्र जात्याच चांगला होता.

तेवढ्यात गावात देवीची साथ आली. जोसाया जगला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. आपल्याकडे कुंभार काठीने चाकाला गती देतात, तिथलं चाक पायाने रेटायचं असे. म्हणजे ज्या धंद्यासाठी पाय हवा, नेमका तोच गेला! घरातल्यांनी कपाळाला हात लावला असेल. पण जोसाया चाक सोडून मातीकडे वळला. कुठली माती कुठल्या आचेला कशी भाजते, झिलईत काय मिसळलं की कुठला रंग येतो, याचे प्रयोग तो करू लागला. वह्याच्या वह्या भरल्या. कुणी चोरू नये म्हणून त्या सांकेतिक खुणांनी लिहिलेल्या. मला तर वाटतं, दोन्ही पाय धड असते तर बर्सलेमला आणखी एक चांगला कुंभार मिळाला असता, इतकंच.

भावाने भागीदारी दिली नाही. मग व्हील्डन नावाच्या जाणत्या कुंभाराबरोबर काही वर्षं काढून १७५९ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचा कारखाना काढला. १७६४ मध्ये लग्न केलं ते नात्यातल्याच सारा वेजवूडशी. तिचे वडील चीजचे बडे व्यापारी. एका लंगड्या कुंभाराला लेक द्यायला ते सहजी तयार नव्हते, देण्याघेण्याची बोलणी पुष्कळ लांबली. (बैठकी तिथेही होत होत्या तर!) सारा नुसती घर सांभाळणारी नव्हती. नवऱ्याच्या प्रयोगवहीतल्या त्या गुप्त खुणा तिने शिकून घेतल्या, त्याची टिपणं ती ठेवू लागली. किटलीचं तोंड नीट ओततं का, झाकण हातात बसतं का, हे तो आधी तिला विचारायचा. आमच्या बचत गटातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा एकजण पटकन म्हणाली, किटली वापरणारीला विचारून किटली केली, म्हणूनच खपली असणार. अगदी खरं आहे.

आणि खपली म्हणजे किती! साईच्या रंगाची, हलकी, गुळगुळीत भांडी त्याने काढली. १७६५ मध्ये राणी शार्लटने चहाचा सेट मागवला आणि या पठ्ठ्याने त्या मालाचं नावच राणीछाप करून टाकलं. मग काय, राणी वापरते ते सरदारणीला हवं, सरदारणीकडे आहे ते वाण्याच्या बायकोला हवं. लंडनला शोरूम, छापील कॅटलॉग, गावोगाव फिरणारे विक्रेते, पसंत नाही पडलं तर माल परत... हे सगळं त्या काळात! रशियाच्या कॅथरीन राणीसाठी १७७४ मध्ये त्याने एकच सेट केला, त्यात ९५२ नग होते.

याच भरभराटीच्या काळात, १७६८ मध्ये, गुडघ्याचं दुखणं इतकं विकोपाला गेलं की पाय कापावा लागला. भुलीचं औषध तेव्हा निघालेलंच नव्हतं. अफूचा अर्क घेऊन खुर्चीत बसायचं आणि सोसायचं. साराने त्याची सेवाही केली आणि कारखान्याचा कागदोपत्री व्यवहारही पाहिला. पुढल्याच वर्षी, १७६९ मध्ये, इट्रूरिया नावाचा त्याचा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा तो लाकडी पायावर उभा होता. वाकडंतिकडं भांडं दिसलं की त्याच लाकडी पायाने तो फोडून टाकायचा असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण शिस्तीचा कडक होता हे नक्की. कामावर यायची वेळ घंटेने कळायची आणि उशीर खपवून घेतला जात नसे.

आता दागिन्याच्या मातीकडे येते. १७७४-७५ च्या सुमाराला, हजारो प्रयोगांनंतर, त्याला एक वेगळीच माती साधली. तिला जॅस्पर म्हणतात. डर्बीशायरच्या खाणींतला एक जड पांढरा दगड कुटून त्यात घालायचा, हे तिचं गुपित. या मातीला वरून झिलई लागत नाही, रंग आतूनच मिसळता येतो. निळी जमीन आणि तिच्यावर पांढऱ्या उठावाच्या आकृती, अशी भांडी तुम्ही चित्रात पाहिली असतील. उठावाची आकृती छोट्या साच्यात दाबून काढायची, ओल्या बोटाने अलगद उचलून जमिनीवर चिकटवायची आणि मग दोन्ही एकदम भाजायचं. आपण करंजीवर कणकेची नक्षी चिकटवतो ना, तसंच काहीसं. अशा चकत्या अंगठीत, बटणांत, ब्रोचमध्ये बसवून हौशी बायका मिरवत होत्याच. त्यांवर असायच्या ग्रीक देवता नाहीतर राजाराणीचे चेहरे.

या कौतुकाच्या गोष्टीला एक काळी बाजू आहे. इंग्लंडात चहाचं वेड वाढलं म्हणून वेजवूडच्या किटल्या खपल्या. आणि चहात घालायची साखर यायची कुठून? वेस्ट इंडीजच्या बेटांवरून. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. बाया, माणसं, पोरंसुद्धा. जहाजाच्या तळाशी साखळदंडांत, कुशीवरही वळता येणार नाही असं दाटीने निजवून त्यांना समुद्रापार नेत. कितीतरी वाटेतच मरत, त्यांना समुद्रात टाकत. या सगळ्या वर्षांत एकट्या ब्रिटिश जहाजांनी तीस लाखांहून जास्त माणसं अशी वाहून नेली. बेटावर उतरल्यावर बाजार भरायचा, आई एकीकडे विकली जायची नि लेकरू दुसरीकडे. हा धंदा लपूनछपून नव्हता, कायद्याने राजरोस चालला होता. त्याचं मोठं बंदर लिव्हरपूल. वेजवूडचा मालही त्याच बंदरातून परदेशी जाई. मालाची वाहतूक सोपी व्हावी म्हणून ज्या कालव्यासाठी त्याने खटपट केली, तो कालवा त्या बाजूलाच जाणारा. त्याने केलेल्या देखण्या साखरदाण्यांत जी साखर पडत होती, ती कुणाच्या घामाची होती हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याचा जिवलग मित्र आणि भागीदार थॉमस बेंटली लिव्हरपूलचाच व्यापारी होता आणि गुलामांच्या व्यापाराचा पक्का विरोधक होता. बेंटली १७८० मध्ये वारला. मित्राचे विचार मात्र वेजवूडच्या मनात राहिले असावेत.

मे १७८७ मध्ये लंडनला बारा जणांनी एक समिती स्थापन केली. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद करवून घ्यायचा हे तिचं काम. थॉमस क्लार्कसन हा तरुण तिचा मुख्य कार्यकर्ता. घोड्यावरून बंदरोबंदरी फिरायचा, खलाशांना गाठून माहिती काढायचा. वेजवूडही त्याच वर्षी समितीत आला. समितीला शिक्का हवा होता, म्हणून ते बेड्यांतल्या माणसाचं चित्र ठरलं. शिक्का म्हणजे कागदावर उठवायची गोष्ट, फार तर पत्रावर दिसणार. वेजवूडने मात्र तो आपल्या कारखान्यात नेला. विल्यम हॅकवूड या कसबी कारागिराने त्याचा साचा केला आणि जॅस्परच्या चकत्या भट्टीतून बाहेर पडू लागल्या. माणूस काळ्या मातीचा, जमीन पांढरी. यांची किंमत त्याने लावली नाही. स्वतःच्या खर्चाने केल्या नि वाटल्या. एकट्या क्लार्कसनलाच पाचशे दिल्या. फेब्रुवारी १७८८ मध्ये एक पुडकं अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडे गेलं.

जो माणूस माल खपवण्यात इतका हुशार, त्याने इथे काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पत्रक वाचायला वाचता यायला हवं, सभेला जायचं तर घराबाहेर पडायला हवं. दागिना मात्र घरात, जेवणाच्या टेबलावर, चर्चच्या बाकावर, सगळीकडे जातो. पुरुषांनी ती चकती तपकिरीच्या डबीच्या झाकणात सोन्यात मढवून घेतली. बायकांनी ब्रेसलेटमध्ये आणि केसांच्या पिनांवर बसवली. समोरची पाहुणी विचारणारच, हे काय गं नवीन? मग सांगायला सुरुवात करायची. त्या काळी तिथल्या बाईला मत नव्हतं (ते १९१८ मध्ये मिळालं, तेही तिशीवरच्याच काहींना, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ साल उजाडलं). लग्न झालेल्या बाईच्या नावावर स्वतःची मालमत्ताही नसे. पार्लमेंटात बोलणं तर दूरच. अशा बाईला आपलं मत चारचौघांत दाखवायला केसातली पिन मिळाली.

फॅशन म्हणून घालणाऱ्याही असतील, नसतील असं कोण म्हणेल? शेजारणीने घातली म्हणून हिने. आपल्याकडेही एखादी गोष्ट अशीच चालते. क्लार्कसनने याविषयी लिहून ठेवलंय, त्याचा सूर असा की, फॅशन एरवी फालतू गोष्टींच्या मागे असते, या वेळी ती माणुसकीच्या कामी आली. मला त्याचं म्हणणं पटतं.

नुसतं घालून भागलं असं मात्र झालं नाही. १७९१ मध्ये पार्लमेंटाने व्यापारबंदीचा ठराव फेटाळला, तेव्हा गुलामांच्या हातची साखर घरात आणायचीच नाही अशी चळवळ सुरू झाली. ही तर सरळ चुलीपाशीच येणारी गोष्ट. वाणसामानाची यादी कोण करतं? बाईच ना! क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर सोडली. बिनसाखरेचा चहा पिऊन बघा चार दिवस, म्हणजे कळेल. पुढे १८२० नंतर पुन्हा हा बहिष्कार जोरात आला, तेव्हा बायका ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडून जाणारी साखर घेऊ लागल्या. ही गुलामांनी केलेली नाही असं लिहिलेले साखरदाणेच तिथे निघाले. आता यातली गंमत बघा. खुद्द हिंदुस्थानात तेव्हा गुलामी होतीच. १८३३ चा गुलामीबंदीचा कायदा कंपनी सरकारच्या मुलखाला लागू नव्हता, इथे त्यासाठी १८४३ चा वेगळा कायदा यावा लागला.

त्या चकतीवरच्या चित्राबद्दल माझ्या मनात एक खटकाही आहे. तो माणूस गुडघ्यावर का? हात जोडून तो मागतोय कुणाकडे? त्याला नाव नाही, गाव नाही. सोडवणारे उभे नि सुटणारा गुडघ्यावर, असं ते चित्र आहे. आज पुष्कळ अभ्यासकही यावर बोट ठेवतात. समाजकार्यात आम्ही हे फार बघतो हो. मदत घेणारीचा फोटो काढायचा तो हात पसरलेलाच! वस्तुस्थिती तशी नव्हती. ओलाउदा एक्वियानो हा स्वतः गुलामीतून पैसे साठवून सुटलेला माणूस त्याच काळात लंडनमध्ये होता. १७८९ मध्ये त्याने आपलं आत्मचरित्र छापलं, गावोगाव जाऊन विकलं. ते छापण्याआधी पैसे भरून प्रत नोंदवणाऱ्यांत वेजवूडचंही नाव आहे. १७९१ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या एका बेटावर गुलामांनी उठाव केला आणि लढून १८०४ मध्ये हैती नावाचा स्वतंत्र देश उभा केला. ती माणसं काही गुडघ्यावर बसलेली नव्हती. पण अशा माणसाचं चित्र लंडनच्या बायांनी केसात माळलं असतं का? मला शंका आहे. हात जोडलेला माणूस दयेला पाझर फोडतो, हे चतुर वेजवूडला ठाऊक असणार.

वेजवूड ३ जानेवारी १७९५ ला वारला. व्यापारबंदी त्याला बघायला मिळाली नाही, तो कायदा १८०७ मध्ये झाला. आणि तो झाला तरी मळ्यांतले गुलाम गुलामच राहिले, बंद झाला तो फक्त नवे आणण्याचा धंदा. पुढचं काम बायांनी उचललं. लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या बाईने १८२४ मध्ये पुस्तिका लिहून, गुलामी हळूहळू नको, आत्ताच्या आत्ता संपवा, असं पुरुष पुढाऱ्यांना खडसावलं. १८२५ मध्ये बर्मिंगहॅमकडच्या बायकांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत वेजवूडची लेक सारा होती. आईचंच नाव तिचं. या बायकांनी त्या चित्रात माणसाच्या जागी बेड्यांतली बाई आणली आणि प्रश्नातला भाऊ काढून बहीण घातली. हाताने शिवलेल्या पिशव्यांवर ते चित्र छापून, आत माहितीपत्रकं घालून त्या घरोघर विकल्या. मे १८३३ मध्ये पार्लमेंटात बायकांच्या सह्यांचा एक अर्ज आला, त्यावर १ लाख ८७ हजार सह्या होत्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. त्यातही मेख होतीच. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, गुलामांना एक दमडीही नाही, उलट आणखी काही वर्षं त्यांना उमेदवारीच्या नावाखाली फुकट राबावं लागलं. त्या भरपाईसाठी सरकारने काढलेलं कर्ज फिटायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे अगदी आत्ताआत्तापर्यंत!

वेजवूडच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगते. थोरली लेक सुझॅना डार्विनांच्या घरी दिली. तिचा मुलगा चार्ल्स, म्हणजे माकडापासून माणूस सांगणारा आपला शाळेतला डार्विन. आणि त्याने लग्न कुणाशी केलं? मामाच्या मुलीशी, एमा वेजवूडशी, १८३९ मध्ये. आपल्याकडच्यासारखंच की! हा डार्विन प्रवासात ब्राझीलला गेला तेव्हा तिथली गुलामी पाहून फार अस्वस्थ झाला होता. ज्या घरात आजोबांनी बेड्यांतल्या माणसाची पदकं वाटली, त्या घरातला तो नातू.

अमेरिकेत गुलामी संपायला १८६५ साल यावं लागलं. तिकडच्या या लढ्याची वार्ता पुण्यात महात्मा फुल्यांपर्यंत पोचली होती. १८७३ मध्ये निघालेलं आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

वेजवूडच्या त्या चकत्या आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि इतरही संग्रहांत काचेआड आहेत. २००७ मध्ये व्यापारबंदीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा ब्रिटनने दोन पौंडांचं खास नाणं काढलं. त्यावर १८०७ हे साल आहे आणि त्यातलं शून्य म्हणजे तुटलेल्या साखळीची कडी. वेजवूडच्या चकतीवरचा तोच प्रश्न या नाण्याच्या काठावर कोरलाय. असली नाणी तिकडे वाण्याकडे सुट्ट्या पैशांतही येतात. तुमच्यापैकी कुणाची लेक, सून तिकडे असेल तर तिला पर्स उलटी करून शोधायला सांगा.